बत्तीस दातांचा फ्लेक्स

ग्रीवा आली आणि गडहिंग्लज शहरात सगळ्यांत जास्त फायदा झाला तो गुरुपाद शिंत्र्यांचा. त्यासाठी त्यांना बोटसुद्धा हलवावं लागलं नाही. लोकांनी घाबरायचं आणि शिंत्र्यांनी मंजन विकायचं, इतका तो सरळ व्यवहार होता. भांडवल लोकांच्या भीतीचं, नफा शिंत्र्यांचा आणि वर मोठेपणाही शिंत्र्यांचाच. कारण सत्तरीला टेकलेला, दाताच्या दवाखान्याची पायरी जन्मात न चढलेला आणि तरीही तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात बाळगून असलेला माणूस सगळ्या तालुक्यात तेवढा एकच होता. ‘शिंत्रे लाल दंतमंजन’च्या डबीवर त्यांचंच चित्र असे, फेटा बांधलेलं, तोंड भरून हसणारं. ते हसू बघून लोक डबी उचलत. गावात सगळे त्यांना आण्णा म्हणत आणि आण्णा स्वतःला गावाचं भूषण समजत. दोन्हीत खोट काढण्यासारखं तोवर काही नव्हतं.

ग्रीवा म्हणजे काय ते आधी सांगायला हवं.

दातांचा स्कॅन काढणारं यंत्र माणसाच्या डोक्याभोवती एक फेरी मारतं आणि जबड्याचं घन चित्र तयार करतं. हे तसं जुनंच. पण चित्र जरा मोठं घेतलं, की जबड्याखालचा गळाही त्यात येतो. गळ्याच्या दोन्ही बाजूंनी एकेक जाड धमनी वर चढते आणि मानेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या आसपास तिला फाटा फुटतो. एक शाखा चेहऱ्याकडं जाते, दुसरी मेंदूकडं. ओढ्याला फाटा फुटतो तिथं गाळ धरतो, तसंच इथंही होतं. रक्त भोवरा घेतं, धमनीच्या भिंतीत चरबी साठते आणि वर्षं गेली की त्या चरबीत चुना धरायला लागतो. चरबी क्ष-किरणांना सहसा चकवते. चुना मात्र हाडासारखा पांढरा उमटतो. म्हणजे दाढ बघायला काढलेल्या चित्राच्या खालच्या कोपऱ्यात, कुणी न मागता, रक्तवाहिनीची खबर छापून येत होती. दंतवैद्यांना ते ठिपके कित्येक वर्षं दिसत होते. काही जण पेशंटला सांगत. बाकीचे ‘हे आपलं काम नव्हे’ म्हणून दाढेकडं वळत.

त्या कोपऱ्याकडंच बघायला बसवलेली संगणकप्रणाली म्हणजे ग्रीवा. गळा आलेलं दातांचं कुठलंही चित्र तिच्याकडून वाचून घ्यायचं आणि निकाल पेशंटच्या आरोग्यखात्यात टाकायचा, असा नियम झाला. हेतू चांगला होता. पक्षाघात येण्याआधी कितीतरी वर्षं त्याची कुणकुण लागावी, एवढाच. ठिपका दिसला म्हणजे धमनी तुंबलीच असं नसतं. गळ्याची सोनोग्राफी करून रक्त कसं वाहतंय ते बघितल्याशिवाय कुणी काही छातीठोक सांगू शकत नाही. ग्रीवाही तेवढंच लिहायची, ‘पुढील तपासणी करावी.’

पण लोकांनी स्वतःला हवं तेवढंच वाचलं. विमेवाले आरोग्यखातं उघडून दाखवा म्हणू लागले. ठिपकेवाल्या ड्रायव्हरांच्या हातून स्टिअरिंग काढून त्यांना डेपोतल्या खुर्चीवर बसवलं गेलं. मग वधू-वर मंडळांच्या जाहिरातींत ‘एकुलता, निर्व्यसनी, मान स्वच्छ’ असं येऊ लागलं आणि खरी पळापळ सुरू झाली. दाढ ठणकली तर लोक लवंग धरून बसत, गाल सुजला तर मफलर गुंडाळत, पण दवाखान्याच्या खुर्चीत बसत नसत. खुर्चीत न बसता दात राखायचे तर मंजनाशिवाय इलाज कुठला? शिंत्र्यांच्या कारखान्यात दुसरी पाळी सुरू झाली.

नेमक्या याच दिवसांत शिंत्र्यांच्या घरातला एक दवाखाना ओस पडला. आण्णांची सून, डॉ. सानिका, दातांची डॉक्टर होती. मुलगा वीरेश कारखान्यातली यंत्रं सांभाळायचा आणि कारखान्याच्या गोदामाला लागून, रस्त्याकडंच्या दोन खोल्यांत सानिकाचा दवाखाना होता. पाच वर्षं तो बरा चालला. आता ती सकाळी खुर्ची पुसायची आणि संध्याकाळी पुन्हा तीच खुर्ची पुसायची. दारासमोर मंजनाचा टेंपो उभा असे. त्यावर आण्णांनी हौसेनं रंगवून घेतलं होतं, ‘खुर्ची नको, चिमूट घ्या.’ यात सुनेला उद्देशून काही नाही, असं आण्णा मागून पुढून सगळ्यांना सांगत. सानिकालाही सांगितलं. ती म्हणाली, अक्षर छान आहे.

लग्न होऊन आल्यापासून तिनं आण्णांना एकदाही तोंड उघडा म्हटलं नव्हतं आणि त्यांनी उघडलं नव्हतं. सासूच्या, नीलाक्कांच्या, मिश्रीवरनं मात्र तिची रोजची कटकट असे. नीलाक्का परसात तव्यावर तंबाखू भाजून काळीभोर मिश्री करायच्या आणि दोन वेळा हिरड्यांना लावून बसायच्या. चाळिशीतच त्यांचे दात गेले होते. आता कवळी काढून ठेवून मिश्री लावायच्या आणि सानिका रागावली की बोळक्या तोंडानं हसायच्या.

आण्णांना खुर्चीत बसवलं ते तवनाप्पा चौगुल्यांनी. तवनाप्पा म्हणजे आण्णांचे शाळासोबती आणि टूथपेस्टचे घाऊक व्यापारी. त्यामुळं एकमेकांना टोचणं हा त्यांचा बालपणापासूनचा आणि शिवाय धंद्याचाही हक्क होता. व्यापारी संघाच्या दरवर्षीच्या जेवणात आण्णा स्टेजवर चढून अख्खा ऊस दातांनी सोलून खात. टाळ्या पडत. त्या वर्षीही पडल्या. टाळ्या ओसरल्यावर पहिल्या रांगेतून तवनाप्पांनी बसल्या जागी, माइक न घेता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं शेजाऱ्याला सांगितलं, की हल्लीचे बसवलेले दात लोखंडही चावतात, उसाचं काय घेऊन बसलात? आणि घरातच सून दातांची डॉक्टर म्हटल्यावर रात्रीत बत्तीस बसवायला कितीसा वेळ लागतो?

लोक हसले. आण्णाही हसले. पण घरी येईस्तोवर ते हसू पार आंबून गेलं होतं. बायकोनं वाढलेलं ताट त्यांनी तसंच ठेवलं. बत्तीस दात ही त्यांची एकच अशी कमाई होती, की जी बापाकडून आली नव्हती, बँकेकडून आली नव्हती आणि वाटणीत भावाकडं जाणार नव्हती. तिच्यावरच बोट ठेवलं गेलं होतं.

दात अस्सल की बसवलेला, हे वरून कळत नाही. स्कॅनमध्ये कळतं. अस्सल दाताला मूळ असतं आणि मुळातून नसेची बारीक नळी गेलेली असते. बसवलेल्या दाताखाली धातूचा स्क्रू दिसतो. हे आण्णांना वीरेशनं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, फेटा बांधून, नीलाक्कांना बरोबर घेऊन, आण्णा घरातल्या दारानं न येता रस्त्याकडच्या दारानं पेशंट म्हणून दवाखान्यात शिरले.

सानिकानं त्यांना आधी लहान चित्राबद्दल सांगितलं. नुसता जबडा घेऊ, दात मुळासकट दिसतील, गळा चित्रात येणारच नाही, ग्रीवाचाही संबंध नाही. तिनं हे दोनदा सांगितलं, हे तिच्या खात्यावर नोंदवून ठेवायला हवं. आण्णांना ते पटलं नाही. नुसता जबडा म्हणजे कवळीच्या जाहिरातीसारखा दिसणार. चित्र चौकात लावायचं होतं. त्यात कपाळापासून गळ्यापर्यंत अख्खा माणूस दिसायला हवा, ताठ मानेचा, म्हणजे बघणाऱ्याला कळेल की हा गुरुपाद शिंत्रेच.

“मग ग्रीवा वाचणार, मामांजी. नियमच आहे तो.”

“वाचू दे की. माझ्या गळ्यात झाकून ठेवण्यासारखं काय हाय?”

फेटा काढावा लागला, कारण त्याला पिन होती. चष्मा काढला. मग प्रश्न आला गळ्यातल्या इष्टलिंगाचा. चांदीची डबी, चांदीची साखळी, दोन्ही वडिलांच्या हातची. शिंत्र्यांच्या घरात ते झोपताना काढत नाहीत, आजारपणात काढत नाहीत. आण्णांचा चेहरा कडक झाला. दुसरा कुठला डॉक्टर असता तर प्रकरण इथंच संपलं असतं. सानिका मात्र त्याच घरातली होती. ती म्हणाली, अंगावेगळं करू नका. पूजेला घेता तसं डाव्या तळहातावर घ्या, साखळी बोटांभोवती गुंडाळा आणि हात मांडीवर ठेवा. यंत्राचा डोळा तिथपर्यंत जात नाही. आण्णांनी तिच्याकडं जरा रोखून बघितलं. सुनेला पसंत करताना बघितलं होतं त्याहून जास्त वेळ बघितलं. मग त्यांनी डबी तळहातावर घेतली आणि पहिल्यांदाच तिच्यापुढं तोंड उघडलं.

आत दात होते तसेच होते, पण खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला, हिरडीजवळ, पांढुरकी सुरकुतलेली खरबरीत चकती होती. सानिकानं ती ओळखली. सासूच्या तोंडात ती रोज बघत होती.

यंत्रानं फेरी मारली. पडद्यावर चित्र उभं राहिलं आणि सानिका, जी सासऱ्यांवर वर्षभर मनातल्या मनात चिडलेली होती, ती ते चित्र बघून सगळं विसरली. असा जबडा पुस्तकात असतो. अक्कलदाढा चारही सरळ उगवलेल्या, मुळं लांब, खोल, एकेका मुळातून नळीची रेघ स्वच्छ गेलेली. तिनं स्वतः बोट ठेवून मोजले. बत्तीस. धंद्यातल्या माणसाला धंद्यातली उत्तम वस्तू बघून वाटतो तसला अभिमान तिला वाटला. हे आपल्या घरातलं आहे, असंही वाटलं.

मग तिनं चित्र वर सरकवलं आणि गळा आला. उजव्या बाजूला तांदळाच्या कणीएवढे दोन ठिपके, एकाखाली एक. डाव्या बाजूला नखाच्या कडेसारखी वाकडी पांढरी रेघ. ग्रीवानं दोन्हींभोवती वर्तुळं काढलीसुद्धा होती.

नीलाक्कांना बाहेर बसवून तिनं आण्णांना सगळं समजावून सांगितलं. फाटा, गाळ, चुना, मेंदूकडं जाणारी शाखा. घाबरण्यासारखं असेलच असं नाही, पण कोल्हापूरला जाऊन सोनोग्राफी करायला हवी, लगेच. आण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. ऐकता ऐकता त्यांचा हिशेबही चालला होता. सुनेचा दवाखाना रिकामा. आपला माल जोरात. टेंपोवर अक्षरं. आणि आपण पहिल्यांदा हिच्या खुर्चीत बसतो काय, आणि हिला आपल्या गळ्यात खोट सापडते काय.

“तुझ्या जागी मी असतो,” ते म्हणाले, “तर मीपण हेच काढलं असतं.”

सानिकाचा चेहरा उतरला नाही, उलट चढला. “मामांजी, धंदा मला तुमच्याइतका येत नाही. मला गळा वाचता येतो. आणि मिश्री कधीपासून लावताय, तेही सांगून ठेवा. तिथले डॉक्टर विचारतील.”

आण्णांनी आधी दाराकडं बघितलं. “हळू बोल.”

तर गोष्ट अशी होती. ज्या दातांच्या जोरावर लाल मंजन खपत होतं, त्या दातांना लाल मंजन गिऱ्हाइकासमोरच काय ते लागायचं. एरवी आण्णा लहानपणापासून मिश्रीच लावत आले होते. नीलाक्का दोघांची मिळून भाजायच्या. दात टिकले ते मिश्रीनं नव्हे आणि मंजनानंही नव्हे, आईबापांकडून आलेल्या हाडाच्या कृपेनं टिकले, हे सानिकानं त्यांना तेव्हाच सांगितलं. शिवाय तंबाखू हिरडीतून रक्तात उतरते आणि धमन्यांना सुखानं राहू देत नाही, हेही सांगितलं. सगळं खापर मिश्रीवर फोडता येणार नाही, रक्तदाब असतो, वय असतं, पण मिश्रीला सोडूनही देता येणार नाही.

आण्णा म्हणाले, बघू. शिंत्र्यांच्या घरात ‘बघू’चा अर्थ ‘नाही’ असा होतो.

तिनं आणखी एक गोष्ट मागितली. चौकात लावायच्या चित्रातून निदान गळा तरी कापा. आण्णांनी तेही नाकारलं. गळा कापला तर तवनाप्पा म्हणणार, कापलं म्हणजे काहीतरी लपवलं. सानिकानं दुसऱ्यांदा विनंती केली नाही. तिलाही थोडा ताठा होता आणि तो तिला सासरहून मिळालेला नव्हता.

प्लॅस्टिकचे फ्लेक्स बंद होऊन जमाना झाला होता. आता कापडावर छापत, पण नाव फ्लेक्सच. चौकात दुमजली उंचीचा फ्लेक्स लागला. काळ्या पार्श्वभूमीवर आण्णांची पांढरीशुभ्र कवटी, तिच्यात बत्तीस दात मुळांसकट, आणि खाली ठसठशीत अक्षरांत ‘अस्सल. मुळापासून.’ गावानं वाढदिवसांचे, निवडींचे, श्रद्धांजलीचे फ्लेक्स ढिगानं बघितले होते. जिवंत माणसानं हौसेनं लावलेली स्वतःची कवटी पहिल्यांदाच बघितली. सकाळभर आण्णांचा जयजयकार झाला. मंजनाच्या ऑर्डरी आल्या. तवनाप्पांनी स्वतः फोन करून ‘हरलो’ म्हणून सांगितलं.

आण्णांना ज्याची कल्पना नव्हती ती गोष्ट दुपारी घडली. ग्रीवाची एक लहान, फुकट, कच्ची आवृत्ती फोनमध्ये मिळायची. कुठल्याही स्कॅनच्या चित्रावर फोन धरला की ती वर्तुळं काढायची. मुलं गमतीनं वापरायची. कॉलेजातून परतणाऱ्या दोन मुलींनी फ्लेक्सवर फोन धरला. बत्तीस दातांखाली, गळ्यावर, दोन लाल वर्तुळं उमटली. संध्याकाळपर्यंत चौकात फोन वर धरलेल्या लोकांची दाटी झाली. शिंत्र्यांच्या मंजनानं गळ्यात चुना धरतो, असं कुणीतरी म्हणालं आणि ते वाक्य टेंपोपेक्षा वेगानं खेड्यापाड्यांत पोहोचलं. दुकानदारांचे फोन सुरू झाले. सकाळच्या ऑर्डरी एकेक करून मागं घेतल्या गेल्या.

वीरेशनं फ्लेक्स उतरवायला माणसं पाठवायची परवानगी मागितली. आण्णा म्हणाले, कुणी हात लावायचा नाही. त्यांनी फेटा बांधला आणि स्वतः चौकात निघाले. सानिका मागोमाग गेली, कारण त्यांची चाल तिला बरी दिसत नव्हती.

गर्दीनं वाट दिली. फ्लेक्सखालच्या चहाच्या टपरीवर तवनाप्पा बसले होते. हरल्याची भरपाई करून घ्यायला याहून चांगली वेळ त्यांना मिळणार नव्हती. पण त्यांनी मित्राचं तोंड बघितलं आणि माणूस ऐन वेळी कसा निघेल याचा हिशेब कधीच आधी मांडता येत नाही, हे सिद्ध केलं. ते उठले, फ्लेक्सकडं बोट केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “कशाला बोंबलताय रे? लिंगाची साखळी हाय ती. चांदी अशीच पांढरी दिसते. गुरुपाद कधी गळ्यातनं काढतो काय?”

गर्दीत एकदम हायसं वाटल्यासारखा आवाज झाला. अर्थात. साखळीच. यंत्राला काय कळतंय. आण्णा लिंग अंगावेगळं करत नाहीत, हे गावातल्या पोराटोरांनाही माहीत होतं. ते काढायला लावणारा डॉक्टर जन्मायचा होता.

आता आण्णांना तोंड उघडायचीसुद्धा गरज नव्हती. नुसतं हसले असते तरी भागलं असतं. नाव राहत होतं, माल राहत होता, फ्लेक्स राहत होता. आणि जात काय होतं? जात होती फक्त सुनेची अक्कल. साखळी आणि धमनी यांतला फरक न कळणारी डॉक्टर म्हणून ती गावात कायमची नोंदली गेली असती. पेशंटची गोष्ट चारचौघांत सांगता येत नाही, म्हणून ती गप्प राहणार, हेही आण्णांना ठाऊक होतं. ती दोन पावलांवर उभी होती. तिनं त्यांच्याकडं बघितलं नाही. फ्लेक्सकडं बघत राहिली.

आण्णा धंद्यात खरं बोलायचे असा कुणाचा आरोप नव्हता. वजनात, वायद्यात, मंजनातल्या गेरूच्या रंगाला औषधी गुण चिकटवण्यात त्यांनी पुष्कळ काही केलं होतं आणि त्यावर त्यांना सुखानं झोप लागायची. पण हे खोटं त्या सगळ्यांहून वेगळं होतं. इथं त्यांना लिंगाची साक्ष काढायची होती. आणि ते लिंग त्या वेळी त्यांच्या तळहातावर होतं, पूजेला घेतात तसं. त्या हाताला त्याचा भार अजून आठवत होता.

“साखळी नव्हती,” आण्णा म्हणाले.

तवनाप्पांनी डोळ्यांनी खुणावलं, गप्प बस.

“साखळी नव्हती, तवनाप्पा. लिंग माझ्या तळहातावर होतं. सुनेनं माझं लिंगही राखलं आणि चित्रही नीट काढलं. तो चुना माझ्या गळ्यातला हाय. तिनं त्याच दिवशी सांगितलं होतं. मी तिला म्हटलं, धंद्यापायी बोलतीस.” ते थांबले. मग एकदा खातं उघडलंच आहे तर सगळंच बाहेर काढावं, असं त्यांना वाटलं असावं. “आणि मंजनाला शिव्या घालू नका. त्याचा काही दोष नाही. मी ते कधी लावलंच नाही. मी मिश्री लावतो.”

वर धरलेले फोन एकेक करून खाली आले.

“दात मात्र माझेच हायत,” आण्णा म्हणाले. “बत्तीस.”

पहिल्यांदा तवनाप्पा हसले. मग कुणालाच आवरलं नाही. ते हसणं कुत्सित नव्हतं. डबीवरचा माणूस इतक्या वर्षांनी खाली उतरून आपल्यात उभा राहिला, तसं ते होतं. सानिका हसली नाही. तिनं पुढं होऊन आण्णांचा हात धरला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “चला. उद्या सकाळी कोल्हापूर.” आण्णा या वेळी ‘बघू’ म्हणाले नाहीत.

कोल्हापूरच्या दवाखान्यात नाव लिहून घेणाऱ्या मुलीनं बरोबर कोण आहे म्हणून विचारलं, तेव्हा सानिका ‘सून’ म्हणायच्या आत आण्णांनी सांगितलं, “ह्या आमच्या डॉक्टर. जे काय बोलायचं ते यांच्याशी बोला.” हे वाक्य ते त्या दिवशी ज्याला त्याला ऐकवत राहिले, लिफ्टवाल्यालासुद्धा.

सोनोग्राफीत त्यांच्या दोन्ही धमन्या निम्म्याहून जास्त मोकळ्या निघाल्या. रक्त पातळ ठेवायची एक गोळी, चरबीची एक, रक्तदाबावर लक्ष, मिश्री बंद. एवढ्यावर सुटले. आण्णांनी लगेच घरी जायची घाई केली. सानिका जागची हलली नाही. डबा घेऊन बरोबर आलेल्या नीलाक्का बाकावर पेंगत होत्या. सानिका तिथल्या डॉक्टरांना म्हणाली, आता आत्तींना, माझ्या सासूबाईंना, आत घ्या.

नीलाक्कांनी साफ नकार दिला. तोंडात एक दात नाही, दाताच्या यंत्राचा आणि आपला काय संबंध? तेच तर होतं. दात नव्हते म्हणून इतक्या वर्षांत त्यांच्या जबड्याचं चित्र काढायची कुणाला गरजच पडली नव्हती आणि मिश्री तर दोघांचीही एकाच तव्यावरची होती. आण्णा म्हणाले, “डॉक्टर सांगतायत तर जा की आत.” नीलाक्का नवऱ्याच्या या नव्या भाषेवर हसत हसत आत गेल्या.

बाहेर आलेल्या डॉक्टरांनी हसत हसत काही सांगितलं नाही. डाव्या बाजूच्या धमनीतून दोरा जाईल एवढीच वाट उरली होती. मग विचारत गेल्यावर एकेक निघू लागलं. मधूनच उजव्या हातातलं उलथनं गळून पडायचं. कधी डाव्या डोळ्यापुढं पडदा ओढल्यासारखं व्हायचं आणि जरा वेळानं जायचं. कुणाला सांगितलं का नाही? भाजताना धूर होतो, धुरानं होत असेल, यात सांगण्यासारखं काय, असं त्यांचं म्हणणं पडलं. सानिकानं त्या खुणांचा अर्थ आण्णांना सांगितला. पक्षाघात दार वाजवून परत जात होता. कधीही आत शिरला असता. त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. मान उघडून, धमनी उघडून, आतला गाळ खरवडून काढला. तेवढा वेळ आण्णा बाहेर बसून होते आणि डावा तळहात उघडा ठेवून त्यावर लिंगाची डबी धरून होते. चौकात त्यांनी साखळीच्या गोष्टीला मान हलवली असती तर कोल्हापूर झालं नसतं आणि कोल्हापूर झालं नसतं तर ही बाई एक दिवस परसात तव्याशेजारी पडलेली सापडली असती. हा हिशेब त्यांना कुणी सांगावा लागला नाही. धंद्यातलाच माणूस होता.

नीलाक्का बऱ्या होऊन घरी आल्या. हात गळायचा थांबला, डोळ्यापुढचा पडदा गेला. मंजनाचा कारखाना एका पाळीवर आला, तोही कसाबसा. टेंपोवरची अक्षरं आण्णांनी कुणी न सांगता पुसून घेतली. भिंतीपलीकडं मात्र सानिकाच्या खुर्चीला आता उसंत नव्हती. लोक दाढ दाखवायला येत आणि जाताना, हळूच, गळ्याचंही बघा म्हणत. आण्णांसारख्या माणसानं भर चौकात कबूल केलं, मग आपण कोण लागून गेलो, असा साधा विचार होता. मिश्री लावणाऱ्या बायका घोळक्यानं यायच्या आणि एकमेकींना आधी खुर्चीत ढकलायच्या.

आजारी माणसाला बघायला जायची रीत आहे, तशी शिंत्र्यांकडं रीघ लागली. आलेला प्रत्येकजण नीलाक्कांना ‘कसं आहे?’ एवढं विचारून आण्णांकडं वळायचा आणि चौकातला प्रसंग पुन्हा काढायचा. एका संध्याकाळी घर भरलेलं असताना तवनाप्पा सपत्नीक आले. त्यांनी तर भाषणच केलं. धंदा गेला, नाव गेलं, पण गुरुपादनं खोट्याला थारा दिला नाही, खरेपणाची एवढी किंमत या गावात आजवर कुणी मोजली नसेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. आण्णांची मान त्यातल्या त्यात जास्त डोलली.

नीलाक्का पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी तवनाप्पांना चहा घ्यायला सांगितलं आणि मग शांतपणे म्हणाल्या, “यांनी कुठली किंमत मोजली, भाऊजी? यांना दोन गोळ्या लागल्या.”

त्यांनी खांद्यावरचा पदर बाजूला केला. कानामागून गळ्यापर्यंत उतरलेला, टाके काढल्यावरचा ताजा लालसर व्रण सगळ्यांपुढं आला. बायका वाकून बघू लागल्या. नीलाक्कांनी तो झाकला नाही, हनुवटी उलट थोडी वर केली, म्हणजे मागच्यांनाही दिसावा.

“मोजली ती इथं,” त्या म्हणाल्या.

दारात उभी असलेली सानिका सासूकडं बघत होती, पहिल्याच परीक्षेत वर्गात पहिल्या आलेल्या शिष्याकडं गुरूनं बघावं तशी. सगळे आण्णांकडं बघू लागले. गुरुपाद शिंत्र्यांनी जन्मात दुसऱ्यानं मांडलेला हिशेब स्वतः तपासल्याशिवाय मान्य केला नव्हता.

“बरोबर हाय,” ते म्हणाले.